हिरवळीला ‘औषध’ कशाला?

मृगाच्या सरी पडून गेल्या की घरापुढची माती आपोआप हिरवी होऊ लागते. ज्यांनी हौसेने लॉन लावले आहे, त्यांच्या अंगणात गवताबरोबर लव्हाळा, केना, दुधाणी, गाजर गवत असे न बोलावलेले पाहुणेही हजर होतात. मग घरातले कोणीतरी बाजारात गेले की कृषी सेवा केंद्रात डोकावते आणि विचारते, “गवतात मारायला एखादं औषध आहे का हो?” दुकानदार बाटली काढून देतो. शेतावरचा फवारणी पंप घरात असतोच. रविवारी सकाळी फवारणी होते आणि संध्याकाळी त्याच हिरवळीवर नातवंडे लोळत असतात.

नव्या वसाहतींमध्ये हे चित्र आता सर्रास दिसते. माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांपैकी काहींच्या तक्रारींचे मूळ शोधत गेल्यावर ते अंगणात सापडते. म्हणून आजच्या सदरात घरापुढच्या हिरवळीविषयी लिहीत आहे. हिरवळ असावी की नसावी हा माझा विषय नाही. ती विषाशिवाय राखता येते, आणि तशीच राखली पाहिजे, एवढेच सांगायचे आहे.

आधी ‘औषध’ या शब्दाविषयी. आपल्याकडे पिकावर औषध मारतात, मुंग्यांना औषध घालतात, ढेकणांना औषध लावतात. आणि खेड्यातून रात्री-अपरात्री जीप येते तेव्हा नातेवाईक म्हणतात, “डॉक्टर, पोरानं औषध घेतलंय.” त्या वेळी या शब्दाचा खरा अर्थ सर्वांना ठाऊक असतो. बाटली तीच, द्रव तोच. पण अंगणात फवारताना मात्र आपण त्याला औषध समजतो. वाचकांना माझी विनंती आहे की निदान घरात तरी या वस्तूला विष म्हणावे. नाव बदलले की हाताळण्याची रीतही बदलते.

शेत आणि अंगण यांत फरक आहे

“शेतात एवढं फवारतात, मग अंगणात चार थेंबांनी काय होतंय?” असे अनेक जण विचारतात. शेतातही ते निर्धोक नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यांनी ते विष प्यायले नव्हते. ते श्वासातून आणि त्वचेतून शरीरात गेले होते.

अंगणात मात्रा कमी असते हे खरे. पण शेतात फवारणीनंतर काही दिवस कोणी फिरकत नाही, आणि अंगणात मात्र माणसे चोवीस तास वावरतात. त्यातही सर्वांत जास्त वेळ जमिनीजवळ असतात ती लहान मुले. मूल रांगते, लोळते, गवत उपटते आणि तीच बोटे तोंडात घालते. मोठ्यांपेक्षा त्याचा श्वास जलद चालतो, आणि वजनाच्या मानाने त्याच्या अंगाची त्वचा मोठ्यांपेक्षा जास्त असते. म्हणजे तेवढ्याच विषाची त्याला बसणारी मात्रा मोठी ठरते.

शिवाय आपल्या अंगणातले काय काय पोटात जाते, याचा विचार करा. लॉनच्या कडेला गवती चहा असतो, कढीपत्ता असतो, तुळस असते. पावसाळ्यात घोळ, तांदुळजा, टाकळा उगवला की घरातल्या आजी तो खुडून भाजी करतात. हरळी म्हणजेच दूर्वा. गणपतीसाठी तिच्या जुड्या होतात आणि काही जण तिचा रसही घेतात. तणनाशकाचा तुषार वाऱ्याबरोबर कोठवर गेला, हे डोळ्यांना दिसत नाही.

भातुकलीतली साखर

काही वर्षांपूर्वीची एक हकिकत सांगतो. एका निवृत्त गृहस्थांच्या लॉनला हुमणी लागली. शेतावरच्या खोलीत फोरेटच्या दाण्यांची, म्हणजे लोक ज्याला थिमेट म्हणतात त्याची, अर्धी पिशवी पडून होती. त्यांनी ते दाणे मुळाशी टाकले आणि उरलेली पिशवी पायरीखाली ठेवली. दुपारी चार वर्षांच्या नातीने भातुकली मांडली. तिच्या इवल्या वाटीत साखर म्हणून ते दाणे होते.

तासाभरात मुलीच्या तोंडातून लाळ गळू लागली, घाम फुटला, उलट्या झाल्या. माझ्याकडे आणली तेव्हा डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या आणि छातीत घरघर होती. बरोबर कोणीतरी ती पिशवी आणली होती, हे तिचे नशीब. निदानात वेळ गेला नाही. ॲट्रोपिन सुरू करून तिला मोठ्या रुग्णालयात हलवले आणि आठवडाभराने ती घरी आली. आजोबा मला एवढेच म्हणाले, “गवताला लावायचं औषधच होतं हो ते.”

फोरेटवर आपल्या देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. मुंग्या-झुरळांसाठी घरोघर वापरले जाणारे डायक्लोरव्हॉसही त्याच तारखेपासून बंद झाले. परंतु बंदी आली म्हणून माळ्यावर, गोठ्यात आणि पायरीखाली पडून राहिलेला जुना साठा नाहीसा होत नाही.

तणनाशकांचे प्रकरण वेगळे आहे. पॅराक्वाट नावाचे तणनाशक एक-दोन घोट पोटात गेले तरी जीव जाऊ शकतो आणि त्यावर उतारा नाही. पहिले दोन-तीन दिवस फक्त तोंड आल्यासारखे वाटते. नंतर मूत्रपिंडे आणि फुप्फुसे निकामी होत जातात. ग्लायफोसेट हे त्या मानाने सौम्य म्हणून विकले गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याची नोंद ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात केली. काही देशांच्या नियामक संस्थांना हे मत मान्य नाही. मात्र आपल्या केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये आदेश काढून, ते फक्त कीडनियंत्रणाचे काम करणाऱ्या व्यावसायिकांकडूनच वापरले जावे, असे म्हटले. रविवारी सकाळी हौसेने फवारण्याची ही वस्तू नव्हे.

डब्यावरचा त्रिकोण पाहा

कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर चौकटीत दोन त्रिकोण असतात. खालच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी. त्यावर कवटी व हाडांची खूण असते. पिवळा त्याखालोखाल, निळा मध्यम आणि हिरवा सौम्य. पण हिरवा रंग म्हणजे निर्धोक असा अर्थ नाही. लाल किंवा पिवळ्या त्रिकोणाची कोणतीही वस्तू राहत्या घराच्या अंगणात वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि कोणतेही विष थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नये. सरबत समजून प्यायलेली विषे मी पाहिली आहेत.

मग हिरवळ राखायची कशी?

निरोगी, दाट गवत स्वतःच तणाला जागा देत नाही. लॉनच्या बहुतेक तक्रारींचे मूळ चुकीच्या कापणीत, पाण्यात आणि खतात असते. हे तीन सांभाळले तर विषाची वेळ क्वचितच येते.

कापणी : पुष्कळ लोक गालिचा दिसावा म्हणून गवत अगदी मुळाशी कापतात. त्याने जमीन उघडी पडते, ऊन लागते आणि तणाचे बी उगवते. गवत दीड ते दोन इंच उंच ठेवावे आणि एका वेळी उंचीच्या एकतृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. यंत्राचे पाते धारदार असावे. कापलेले बारीक तुकडे तेथेच पडू द्यावेत. ते कुजून खत होते. पेट्रोलच्या यंत्राने कापताना खडे गोळीसारखे उडतात. म्हणून कापणाऱ्याने चश्मा व बूट घालावेत आणि मुलांना लांब ठेवावे. गोळा झालेला पाला पेटवू नये. त्याच्या धुराने दमेकऱ्यांचे हाल होतात, आणि राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास बंदीही घातली आहे. कोपऱ्यात खड्डा करून पाला त्यात कुजवावा.

पाणी : रोज संध्याकाळी पाइप धरून थोडे थोडे पाणी मारण्याची सवय मोडावी. त्याने मुळे वरच्या वर राहतात. आठवड्यातून दोनदा, सकाळी, चार-पाच इंच खोल ओल जाईल असे पाणी द्यावे. पावसाळ्यात तर बहुधा लागतच नाही. उन्हाळ्यात हिशेब करून पाहावा. पाचशे चौरस फुटांच्या हिरवळीवर पाच मिलिमीटर पाणी द्यायचे तर सुमारे २३० लिटर लागते. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागात माणशी रोजचे प्रमाण ५५ लिटर धरले आहे. म्हणजे चार माणसांचे दिवसाचे पाणी एका वेळी गवताला गेले. टँकरच्या दिवसांत हे शोभत नाही. हरळी उन्हाळ्यात पिवळी पडते म्हणजे ती मेलेली नसते. पहिल्या पावसाबरोबर ती पुन्हा फुटते. आंघोळीचे किंवा भांडी विसळल्याचे पाणी तिला चालते, मात्र ते साचू देऊ नये.

खत : यूरिया टाकला की दोन-चार दिवसांत लॉन गडद हिरवे दिसते, म्हणून तो मूठ-मूठ टाकला जातो. अशी वाढ कोवळी असते आणि कीड तिच्यावरच आधी येते. जास्तीचा यूरिया पावसाबरोबर मुरून नायट्रेटच्या रूपाने आडात किंवा बोअरमध्ये उतरतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून बरेच जास्त नायट्रेट असलेल्या पाण्यात वरचे दूध कालवून तान्ह्या बाळाला पाजले तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते आणि बाळ निळसर पडते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट त्याचे प्रमाण वाढते. म्हणून वर्षातून दोनदा चाळलेले गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेले शेणखत पातळ पसरावे. ताजे शेण नको. त्याने हुमणीलाही आमंत्रण मिळते. मातीत व शेणात धनुर्वाताचे जंतू असतात. बागकाम करणाऱ्याने धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असावी आणि पायाला जखम असताना अनवाणी काम करू नये.

तण : पाऊस पडून गेल्यावर माती मऊ असते. अशा वेळी खुरपे घेऊन बसले तर तण मुळासकट निघते. रोज पंधरा मिनिटे पुरतात, आणि गुडघे चांगले असतील तर व्यायामही होतो. लव्हाळ्याच्या गाठी खोल असतात. त्या खणून काढाव्या लागतात आणि त्याला चिकाटी हवी. फरशीच्या फटीतल्या गवतावर उकळते पाणी जपून ओतावे. मिठाचे पाणी मातीत टाकू नये, जमीन नापीक होते. आंब्याच्या किंवा चिकूच्या दाट सावलीत लॉन येत नसेल तर हट्ट करू नये. तेथे पालापाचोळा पसरावा किंवा फरशी बसवावी.

गाजर गवत : या एका तणाला मात्र दयामाया नको. कोणी त्याला काँग्रेस गवत म्हणतात, कोणी चटकचांदणी. आपल्या देशात त्याची पहिली नोंद १९५५ साली पुण्यात झाली. ते परदेशी गव्हाबरोबर आले असे मानले जाते. त्याच्यामुळे चेहरा, मान, कोपराची खळगी येथे खाज सुटून कातडी काळवंडते व जाड होते. परागकणांमुळे शिंका व दमा सुरू होतो. वर्षानुवर्षे मलमे लावूनही बरी न होणारी कातडी, कंपाउंडबाहेरचे गाजर गवत काढल्यावर सुधारलेली मी पाहिली आहे. एका झाडाला हजारो बिया येतात. म्हणून पांढरी फुले येण्याआधीच, हातमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे घालून ते मुळासकट उपटावे. ज्यांना आधीच खाज किंवा दमा आहे, त्यांनी हे काम दुसऱ्याकडून करून घ्यावे. बाहेरच्या मोकळ्या जागेत टाकळ्याचे बी फेकावे; तो दाट उगवून गाजर गवताला दाबतो. गाजर गवताची पाने खाणारा मेक्सिकन भुंगा १९८४ मध्ये बंगळूर येथे सोडण्यात आला आणि आता तो आपल्याकडेही पावसाळ्यात दिसतो. मळकट पांढऱ्या पाठीवर काळे पट्टे असलेला हा भुंगा दिसला तर त्याला मारू नये.

हुमणी : गवत जागोजाग पिवळे पडून सतरंजीसारखे हाताने उचलले जाऊ लागले, तर खाली इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या शोधाव्यात. पहिल्या पावसानंतर तिन्हीसांजेला हिचे भुंगेरे कडुनिंब, बाभूळ, बोर या झाडांवर जमतात. फांद्या हलवून ते खाली पाडावेत आणि थोडे रॉकेल घातलेल्या पाण्याच्या बादलीत टाकावेत. एक मादी संपली की तिची सर्व अंडी वाचतात. माती उकरली की साळुंक्या आणि कावळे उरलेल्या अळ्या टिपतात. निंबोळी पेंड मातीत मिसळावी. मेटारायझियम या हुमणीवरच्या बुरशीबाबत जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी. पाने खाणाऱ्या किडीसाठी पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्याने गाळून, थोडे साबणाचे पाणी घालून फवारावी. मात्र कडुनिंबाचे म्हणून सारेच निरुपद्रवी, असे समजू नये. कडुनिंबाचे तेल तान्ह्या मुलाच्या पोटात गेले तर झटके येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. त्याचीही बाटली उंचावरच ठेवावी.

साप आणि डास यांचे काय?

विष फवारण्याचे खरे कारण पुष्कळदा गवत नसते. ते असते सापाचे आणि डासांचे भय. ते रास्तही आहे. पण तणनाशकाने साप जात नाहीत आणि फिनेलच्या रेघेनेही थांबत नाहीत. साप येतो तो उंदीर, बेडूक आणि आडोसा यांसाठी. विटांचे ढिगारे, लाकडे, जुनी पत्रे भिंतीपासून हलवावीत. सांडलेले धान्य व खरकटे ठेवू नये. येण्याजाण्याच्या वाटेलगतचे गवत आखूड ठेवावे. रात्री बॅटरी आणि पायात बूट असावेत.

डेंग्यूचा डास गवतात अंडी घालत नाही. तो स्वच्छ साचलेल्या पाण्यात घालतो. कुंड्यांखालच्या ताटल्या, झारी, पक्ष्यांसाठी ठेवलेले पाणी, जुने टायर, न झाकलेला पिंप ही त्याची घरे. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस ही सर्व भांडी पालथी करून, घासून, कोरडी करावीत. फवारणीपेक्षा हा कोरडा दिवस अधिक उपयोगी आहे.

विषबाधा झाल्यास

लाळ गळणे, घाम, डोळ्यांतून पाणी, उलट्या-जुलाब, बाहुल्या बारीक होणे, स्नायू थरथरणे, श्वास लागणे ही अनेक कीटकनाशकांच्या विषबाधेची लक्षणे आहेत. अशा वेळी पुढीलप्रमाणे करावे.

१. माणसाला मोकळ्या हवेत आणावे. हातांना प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून त्याचे कपडे काढावेत आणि केस व नखांसह अंग साबणाने व भरपूर पाण्याने धुवावे.

२. डोळ्यांत गेले असल्यास पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याच्या धारेखाली डोळे धुवावेत.

३. मुद्दाम उलटी करवू नये. मिठाचे पाणी, तूप, दूध, लिंबू काहीही पाजू नये.

४. शुद्ध हरपत असेल तर डाव्या कुशीवर निजवावे.

५. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि विषाची बाटली किंवा पिशवी बरोबर घ्यावी. तिच्यावरून उपचार ठरतात.

६. सध्या त्रास दिसत नाही म्हणून घरी थांबू नये. तणनाशकाची लक्षणे उशिरा दिसतात.

या आठवड्यात एक काम सर्वांनी करावे. माळा, गोठा, जिन्याखालची जागा, न्हाणीघराचा कोनाडा तपासावा. जुनी, नाव नसलेली, बंदी आलेली विषे सापडली तर ती गटारात, ओढ्यात किंवा चुलीत टाकू नयेत. मूळ डब्यातच, कुलपात, मुलांच्या हाताबाहेर ठेवावीत आणि पंचायत समितीच्या कृषी विभागात विचारून त्यांची विल्हेवाट लावावी. रिकाम्या डब्यात पाणी किंवा धान्य भरू नये. डबा भोके पाडून निकामी करावा. एवढे झाले की मग खुरपे घेऊन अंगणात उतरावे. गवतात दोन-चार केन्याची निळी फुले राहिली तरी काही बिघडत नाही.